गजीतली तुझी जागा

वाडी, ता. औराद
रविवार, ३ ऑक्टोबर २००४

चिरंजीव मल्लिकार्जुन यास सिद्धरामचा आशीर्वाद.

त्या दिवाळी पाडव्याच्या सकाळी मी तांबडं फुटायच्या आत विहिरीवर गेलो, गार पाण्यानं अंघोळ केली, आईनं काढून ठेवलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला आणि दोन्ही रुमालांना भंडारा लावून बिरदेवाच्या देवळाकडं निघालो. एवढंच मी त्या सकाळी केलं. त्याला आता तीन वर्षं होतील. तू काही विचारलं नाहीस, मीही काही सांगितलं नाही, म्हणून आधी हे लिहितो.

पत्र लिहायचं कारण तुझी मनीषा. परवा तिचं कार्ड आलं. अक्षर अगदी तुझ्यासारखं, उजवीकडं उतरत जाणारं. लिहिलंय, "मोठे काका, आमच्या शाळेच्या संमेलनात गजी बसवणार आहेत. बाईंनी त्या शब्दाचा अर्थ लिहून आणायला सांगितला आहे. बाबांना विचारलं तर ते ताटावरून उठले. आई म्हणाली, काकांना लिही."

तू ताटावरून उठलास हे वाचून मी कार्ड पालथं घातलं. थोड्या वेळानं पुन्हा वाचलं.

तिला काय लिहावं सुचेना. उद्धवराव गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, गज म्हणजे हत्ती, हत्तीसारखं डुलत नाचतात म्हणून गजी. ढोलवाले मायाप्पा म्हणतात, दोन माणसांत एक गज अंतर राखायचं असतं म्हणून गजी. मला दोन्हीतलं काही खात्रीनं सांगता येत नाही. तू तिला एवढं सांग, की मधे ढोल, भोवती आपली माणसं गोल उभी, ज्याच्या त्याच्या हातात रंगीत रुमाल, आणि ठोक्याबरोबर सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं. गजी नाचली असं वाडीत कुणी म्हणत नाही. गजी धरली म्हणतात. खळ्यावर बैल पाठोपाठ फिरायला लागले की आबा म्हणायचे, बैलांनी गजी धरली. उन्हाळ्यात घारी वर गोल फिरताना दिसल्या की आई अजून म्हणते, घारींनी गजी धरली. सोयरीक बघायला आलेले लोक पोराचं शिक्षण मागाहून विचारतात. आधी विचारतात, पोरगा गजीत कुणाच्या शेजारी उभा राहतो.

आणि जागेचं सांग. प्रत्येक घराची जागा ठरलेली. बाप गेला की लेक तिथं उभा राहतो, जसा आबांच्या जागी मी, भाऊ वेगळे झाले की धाकट्याला थोरल्याच्या डाव्या हाताला जागा मिळते. घरचा माणूस आजारी असेल, परगावी अडकला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे दोघं मधे एक रुमाल ताणून धरतात आणि ती जागा रिकामी ठेवून सगळी गजी फिरते. याला जागा धरणं म्हणतात. शेजाऱ्यानं रुमाल सोडला आणि एक पाऊल सरकून पलीकडच्याच्या खांद्याला खांदा लावला, की जागा मिटली. मग त्या घरच्या लग्नात ढोल जात नाही, मयतीलाही जात नाही.

हे शेवटचं तिला सांगू नकोस.

आई बरी आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. पाडवा तेरा नोव्हेंबरला आहे. तू यावंस असं मला वाटतं. त्या वर्षी जे झालं त्यात कुणाची तरी चूक झाली असेल. तू आलास तर मी मायाप्पांशी बोलेन.

सिद्धराम


वाडी
रविवार, १७ ऑक्टोबर २००४

मल्लिकार्जुन,

दोन आठवडे पोस्टमनची वाट पाहिली. भोसरीचा काही कागद आला नाही. माझं पत्र पोचलं की नाही, ते तरी तुळजाला कळवायला सांग.

काल देवळाच्या ओट्यावर ढोलाच्या दोऱ्या ताणायला बसलो होतो. मायाप्पा, बिराप्पा, माळाप्पा, सगळे होते. मायाप्पा दोरी ओढता ओढता म्हणाले, "सिद्धराम, औंदाचा पाडवा तिसरा हाय बरं. मिटलेली जागा तीन पाडव्यांच्या आत उघडली तर उघडली. पुढं बिरदेव आला तरी उघडत न्हाई."

मी म्हणालो, "व्हय."

"तुझ्या भावाच्या मनात हाय का काय?"

मी काही बोलायच्या आत बिराप्पा म्हणाला, "त्येला कशाला पायजे जागा? कारखान्याचा भोंगा वाजला की तिकडंच नाचत असंल, पँट घालून."

सगळे हसले. मीही हसलो. हे तुला कळवायची गरज नव्हती, पण मी हसलो होतो आणि घरी येईपर्यंत मला ते हसणं तोंडात कडू लागत होतं.

बिराप्पाला दोष देऊ नकोस. तुझ्या डाव्या हाताला तो उभा राहायचा, सोळा वर्षं तुझा खांदा त्याच्या खांद्याजवळ होता. तो तुझ्यावर चिडलेला आहे, कारण त्याला वाटतं, तू आम्हा सगळ्यांना सोडून दिलंस. त्याला असं का वाटतं ते पुढं कधी लिहीन.

मायाप्पांनी उठता उठता आणखी एक सांगितलं. मिटवणाऱ्यानंच जागा उघडायची, पहिला ठोका पडायच्या आधी, सगळ्यांसमोर, आणि का मिटवली होती तेही सांगायचं. कारण खरं असेल तर काही नाही, दोघं शेजारी शेजारी उभे राहतात. कारण खोटं निघालं तर मिटवणाऱ्यानं आपले रुमाल ढोलवाल्याच्या हातात द्यायचे आणि बाहेर जायचं. परत कधी उभं राहायचं नाही. त्याच्या घरात लेक असेल तर लेक उभा राहतो. माझ्या घरात एकटी पवित्रा, ती कडगंचीला सासरी. तुला माहीतच आहे.

हा नियम तुला ठाऊक असेलच. मी उगाच लिहिला.

तू ये. तू समोर असलास तर काहीतरी मार्ग निघेल. तुला पाहून मायाप्पा इतकं खोलात जाणार नाहीत. तू नुसता येऊन उभा राहा, बाकी मी बघतो.

सिद्धराम


वाडी
शुक्रवार, २९ ऑक्टोबर २००४

मल्लू,

पहिल्या पत्रात मी लिहिलं, एवढंच मी त्या सकाळी केलं. ते खरं नाही.

विहिरीवरून आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. धोतर हातात देत म्हणाली, "मल्लू आल्याबिगर ढोलाला हात लावू देऊ नको कुणाला. तो आला की मला हाक मार. मी तवा येते." दर वर्षी ती असंच म्हणायची. सव्वीस वर्षं मी त्या रिंगणात उभा राहिलो. तू यायच्या आधी दहा वर्षं मी एकटा आबांच्या शेजारी होतो. मला पाऊल येतं. चुकत नाही. पण तू आत शिरलास की ढोलाचा ठोका बदलायचा हे मी स्वतः पाहिलंय. मायाप्पा तुझ्याकडं बघून वाजवायचे. भोसरीला गेल्यावर तर जास्तच. वर्षातून एक दिवस यायचास आणि तो दिवस तुझा होऊन जायचा. उरलेले दिवस आईच्या पायाला तेल मी लावत होतो.

हे मी कुणाला बोललो नाही. तुझ्या वहिनीलाही नाही.

देवळाकडं जाताना चंद्रम्मानं दुकानातून हाक मारली, "सिद्धण्णा, लगोलग या. मल्लूचा फोन हाय." मी आत गेलो. तू म्हणालास, "अण्णा, मन्नाएखेळ्ळीत उतरलोय. बिदरची गाडी अजून न्हाई. मला दोन तास लागतील. तवर माझी जागा धर." मी म्हणालो, "व्हय." फोन ठेवला.

चंद्रम्मानं विचारलं, "येतोय ना? त्याच्याबिगर तुमची गजी म्हंजे आमटीबिगर भाकर." तिनं गमतीनं म्हटलं. ती आजही भेटली की अशीच काहीतरी गंमत करते. तिच्या दुकानापासून देवळापर्यंत शंभर पावलं असतील. त्या शंभर पावलांत मी काय करणार आहे हे मला माहीत नव्हतं, हे मी देवाची शपथ घेऊन सांगतो. तरीपण शपथ घेऊन सांगावं लागतंय, म्हणजे काय ते तू समज.

मायाप्पांनी विचारलं, "मल्लूची जागा धरायची का?"

मी म्हणालो, "तो यायचा न्हाई म्हणलाय."

"औंदा?"

"कधीच. माझी जागा मिटवा म्हणलाय."

 मायाप्पा म्हणाले, "तू शेजारी हायस. तूच मिटव." बिराप्पा माझ्याकडं बघत होता. मी एक पाऊल डावीकडं सरकलो आणि त्याच्या खांद्याला खांदा लावला. ढोल वाजला.

तू आलास तेव्हा ऊन चढलं होतं. पाराजवळ बूट काढलेस आणि अनवाणी रिंगणाजवळ आलास. हातात रुमाल होते. मी तुझ्यासमोरून गेलो. तू "अण्णा" म्हणालास. मी पुढं गेलो. दुसऱ्या फेरीला तू बिराप्पाकडं बघत होतास आणि बिराप्पानं मान फिरवली. त्याच्या मते तू आम्हाला सोडून दिल्यावर तमाशा बघायला आला होतास. तिसऱ्या फेरीला तू परत "अण्णा" म्हणालास, या वेळी हळू. चौथ्या फेरीला तिथं कुणी नव्हतं.

आई घरी बसून होती, मी हाक मारीन म्हणून. मी मारली नाही. नंतर तिला कुणीतरी सांगितलं की तू येऊन गेलास. तिनं मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, ढोलात मला काही ऐकू आलं नाही.

तुला वाटलं असेल, गाव सोडून कारखान्यात गेलास म्हणून गावानं तुला बाहेर काढलं. गावानं काही केलं नाही. गावाला मी सांगितलं ते गावानं ऐकलं.

तीन वर्षं मी देवळाच्या पायरीवरून भंडारा उधळतो आणि परत फिरतो. आत जात नाही. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, सिद्धराम, कामून आत येईना झालास. गुडघा दुखतो म्हणालो.

हे पत्र मी सकाळी लिहिलं, दुपारी फाडलं आणि आता परत लिहिलंय. आत्ताच पेटीत टाकून येतो. उद्यापर्यंत ठेवलं तर टाकणार नाही.

सिद्धराम


वाडी
मंगळवार, ९ नोव्हेंबर २००४

मल्लू,

आज चंद्रम्माच्या दुकानातून तुमच्या शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन लावला. तुळजा आली. तिनं तुला सांगितलं की नाही माहीत नाही, म्हणून लिहितो.

मी विचारलं, "पत्र मिळालं का?"

ती म्हणाली, "मिळालं, अण्णा. आधीची दोन त्येनी उघडलीच न्हाईत, पेटीवर ठिवली. हे कामून उघडलं काय की. दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं अन् ड्युटीवर गेले."

"काय म्हणला?"

"काय न्हाई म्हणले."

"पाडव्याला येणार का?"

"सुट्टी मागितली न्हाई त्येनी."

  मग ती म्हणाली, "अण्णा, लग्नात तुमीच मला म्हणला होतात, माझा भाऊ म्हंजे माझं लेकरू हाय. मग असं कामून केलं?"

मी म्हणालो, "आवाज येईना झालाय, तुळजा." आवाज नीट येत होता. मी फोन ठेवला.

तू येणार नाहीस. आता खरं लिहायची सवय लागलीय म्हणून लिहितो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. तू येणार नसशील तर मी कशासाठी उघडू? तुला ती जागा नको असेल. तिकडं तुझं घर झालं, मनीषाची शाळा आहे. तू वर्षातून एक दिवसही इकडं येणार नसशील तर रिकाम्या जागेसाठी मी भरलेली जागा का सोडू? खरं काय झालं ते तुला आणि मला ठाऊक आहे. तू कुणाला सांगणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तेरा तारीख गेली की मायाप्पा परत विचारणार नाहीत. मी मरेपर्यंत उभा राहीन, आबा उभे राहायचे तिथं.

दुपारभर हाच विचार केला. शेतात तूर बघायला गेलो आणि बांधावरच बसून राहिलो. बिरदेवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडात येईना. मला दुसरं काय येतं रे? सातवीपर्यंत शिकलो. शेत, देव आणि ती गजी. त्यातली गजी काढली तर पाडव्याच्या दिवशी मी कुठं बसायचं, तेसुद्धा मला कळत नाही. आजारी माणसं आणि सुतकातली माणसं बसतात त्या पारावर बसायचं काय?

तू एक ओळ लिही. ये म्हणू नकोस, नको म्हण. शिव्या दे. मला जागा उघड म्हण नाहीतर राहू दे म्हण. तुझं पत्र पाडव्याआधी येणार नाही हे मला कळतं. हे वेळेत हाती पडलं तर चंद्रम्माच्या दुकानात फोन कर. मी तिथंच बसून राहीन. सकाळी आठ ते अकरा, पाडव्याआधीचे तिन्ही दिवस.

सिद्धराम


वाडी
रविवार, १४ नोव्हेंबर २००४

मल्लू,

तीन दिवस बसलो. फोन पुष्कळ आले, तुझा नाही. तिसऱ्या दिवशी चंद्रम्मा म्हणाली, "सिद्धण्णा, फोनला हळद-कुंकू लावा आता." मी हसलो नाही, तेव्हा तिनं चहा दिला.

काल पाडवा झाला. कसं झालं ते लिहितो.

सकाळी आईला म्हणालो, "चल, देवळात."

"मल्लू आलाय?"

"न्हाई. तरी चल."

"मग मी कशाला?"

"मला पायजेस तू तिथं."

असं मी तिला आजवर कधी म्हणालो नव्हतो. तिनं लुगडं सारखं केलं आणि माझा हात धरून आली. तिला बायकांच्या पुढं बसवलं, ऐकू यावं म्हणून.

सगळे उभे राहिले. मायाप्पांनी ढोल गळ्यात अडकवला आणि दर वर्षीसारखं विचारलं, "कुणाची जागा उघडायची हाय का?" त्यांनी टिपरू उचललं. मी पुढं झालो. आणि हातातले रुमाल नुसते गुंडाळत राहिलो. बिराप्पा म्हणाला, "काय, पोटात दुखायलाय काय?" मी म्हणालो, "मल्लिकार्जुनाची जागा मी मिटवली होती. ती उघडायचीय."

मायाप्पा म्हणाले, "तो न्हाई म्हणला म्हणून मिटवलीस."

"तो तसं म्हणला नव्हता. दोन तासांत येतो, तवर जागा धर म्हणला होता. मी खोटं बोललो."

 मग बिराप्पा माझ्याजवळ आला. मला वाटलं मारतो. म्हणाला, "तीन वर्सं मी त्येला शिव्या दिल्या. त्या कुणाच्या नावावर घालू आता?"

"माझ्या घाल."

"त्या पुरायच्या न्हाईत तुला," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. तुला हे कळावं म्हणून लिहितो.

मायाप्पांनी ढोल खाली ठेवला. हळू आवाजात मला म्हणाले, "तुझ्या घरात लेक न्हाई. जागा गेली की गेली. मल्लू तर आलाच न्हाई. कशासाठी करायलास? अजून बोललास ते वाऱ्यावर गेलं म्हणू. बघ."

मी खरंच बघितलं. आबांची जागा बघितली. मग म्हणालो, "न्हाई. वाऱ्यावर न्हाई गेलं."

आई काठी टेकून उठली होती. तिनं विचारलं, "फोन आल्ता त्याचा?"

"व्हय."

"अन् तो आला तवा तुला दिसला?"

"दिसला. अण्णा म्हणला मला. मी ऐकलं."

ती म्हणाली, "मी दारात बसले होते रे." एवढंच. परत खाली बसली आणि पदर डोळ्यांवर ओढला. आज सकाळी तिनं माझ्या हातून तेल लावून घेतलं नाही, तुझ्या वहिनीला बोलावलं. उद्याचं मला माहीत नाही. गावात कुणी माझ्याशी वाईट बोललं नाही, चांगलंही बोललं नाही. माळाप्पा संध्याकाळी ओट्यावर आला, तंबाखू मळली, मला दिली नाही, पण बसून राहिला.

मनीषाला तिच्या शाळेसाठी जे लिहायचं ते तूच सांग. मी आता त्यात नाही, तू आहेस.

हे पत्र तू ये म्हणून लिहीत नाही. पुढच्या पाडव्याला येशील, चार पाडव्यांनी येशील, किंवा येणार नाहीस. तुझी जागा आता तुझ्याशिवाय कुणाला मिटवता येत नाही, मायाप्पांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. काल ढोल वाजला तेव्हा बिराप्पानं रुमालाचं एक टोक धरलं, दुसरं माझ्या उजव्या हाताला उभा राहणाऱ्या माळाप्पानं, आणि मधे एका माणसाची जागा ठेवून दुपारपर्यंत गजी फिरली.

त्याच्या आधी मी माझे दोन्ही रुमाल मायाप्पांच्या हातात दिले होते आणि बायकांच्या मागं, पारावर जाऊन बसलो होतो.

सिद्धराम